गुरुत्व लहरी उष्णता आणि रसायनं किती वाहून नेतात? लिडारच्या नोंदींतून हिशेब काढायची पद्धत

दर वर्षी दोन-तीन जण माझ्याकडे तोच आलेख घेऊन येतात. ८५ ते १०० किमी उंचीवरचा उष्णतेचा फ्लक्स (उष्णता किती आणि कोणत्या दिशेनं वाहते त्याचं माप), लिडारच्या, म्हणजे आकाशात लेसर सोडून परतीचा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या, एका रात्रीच्या नोंदींवरून काढलेला, दिशा वरची, आणि आकडा इतका गुबगुबीत की त्या उंचीवरची हवा आठवडाभरात करपून जावी. सूत्र बरोबर असतं, कोडही चालतो. चूक असते ती सूत्राआधी करायच्या कामांत आणि त्यांच्या क्रमात. हा लेख त्या कामांसाठी आहे. एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय.

नावाचा घोळ आधी मिटवू. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणारी लायगो-इंडिया वेधशाळा ज्या गुरुत्वीय लहरींसाठी आहे, त्या या नव्हेत. त्या अवकाश-काळाच्या, या साध्या हवेच्या. डोंगरावरून वारा गेला, गडगडाटी ढग उसळला, की हवा वर ढकलली जाते, वजनानं खाली येते, पुन्हा वर जाते. ही थरथर वरवर चढत स्थितांबर आणि मध्यांबरापर्यंत पोचते. इतकी ओळख पुरे.

आधी हे डोक्यात पक्कं करा

हवेचा गोळा वर गेला की पसरतो आणि थंड होतो, खाली आला की दाबला जातो आणि तापतो. लहर धडधाकट असेल, म्हणजे तिची ऊर्जा वाटेत गळत नसेल, तर गोळा सर्वात थंड असतो तो सर्वात वर पोचल्यावर. नेमका त्याच क्षणी त्याचा उभा वेग शून्य असतो. वेग सर्वात जास्त असतो तो मधल्या पातळीतून जाताना, आणि तिथे तापमानातला फरक शून्य असतो. दोघांमध्ये ९० अंशांचं कलांतर, म्हणजे पूर्ण फेरी ३६० अंशांची धरली तर एक चढउतार दुसऱ्यापासून पाव फेरी सरकलेला. फ्लक्स म्हणजे या दोघांच्या गुणाकाराची सरासरी, आणि ती काढली की हाती शून्य येतं. मोट भरून वर यावी आणि थारोळ्यात न उलटता तशीच भरलेली परत विहिरीत जावी, तसं. बैल दिवसभर चालले तरी शेताला पाणी नाही.

उष्णता वाहते ती लहर विरायला लागल्यावर. वर गेलेला थंड गोळा आजूबाजूच्या हवेकडून थोडी उष्णता घेतो, खाली आलेला तापलेला गोळा ती तिथल्या हवेला देऊन टाकतो. ही उलटी मोट: भरते वर, रिकामी होते खाली. म्हणून लहरीची ऊर्जा वर जात असली तरी विरणाऱ्या लहरींचा उष्णतेचा फ्लक्स खालच्या दिशेचा असतो. ही दोन वाक्यं एकमेकांच्या विरोधात आहेत असं वाटत असेल तर पुढे जाऊ नका, वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

आता आकडे. मेसोपॉजच्या, म्हणजे मध्यांबराच्या वरच्या सीमेच्या, आसपास उभ्या वाऱ्याचे चढउतार साधारण २ मी/से, तापमानाचे साधारण १० केल्विन. गुणाकार २०. प्रत्यक्ष फ्लक्स मात्र उणे २ केल्विन मी/से च्या घरात असतो. म्हणजे दोघांचा सहसंबंध जेमतेम ०.१. एकाच लहरीच्या भाषेत सांगायचं तर कलांतर ९० ऐवजी ९६ अंश. सगळी उष्णता या सहा अंशांत आहे. पुढची प्रत्येक पायरी हे सहा अंश सांभाळण्यासाठी आहे.

तयारी: खोटी लहर बनवा

खऱ्या नोंदींना हात लावायच्या आधी एक दिवस यासाठी द्या. कोडमध्येच एक लहर तयार करा. वाऱ्याचा चढउतार २ मी/से, तापमानाचा १० केल्विन (दोन्ही वर्गमाध्य मूळ, शिखराचा आकडा नव्हे), आवर्तकाल ६० मिनिटं, कलांतर बरोबर ९० अंश. तुमच्या पद्धतीतून ती पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत न्या. उत्तर शून्य यायला हवं. मग कलांतर ९६ करा. उत्तर उणे २.१ च्या आसपास यायला हवं.

ही चाचणी एकदा करून विसरायची नाही. प्रत्येक नवी गाळणी (नको ते चढउतार काढून टाकणारं गणित) लावली, प्रत्येक नवी सरासरी घेतली, की तिच्यातून ही लहर पुन्हा जाऊ द्यायची. मी स्वतः एकदा हे न करता तीन महिने पुढे गेलो होतो. एका गाळणीनं कला सरकवली होती, आणि तो सगळा काळ मी त्या गाळणीचा फ्लक्स निसर्गाचा म्हणून मिरवत होतो.

पायरी १: तुमच्या नोंदींतून काय निघू शकतं ते ठरवा

उष्णतेच्या फ्लक्ससाठी उभा वारा आणि तापमान एकाच जागी, एकाच वेळी, काही मिनिटांच्या अंतरानं लागतात. मेसोपॉजजवळ हे देणारं मुख्य साधन म्हणजे अरुंद पट्ट्याचा सोडियम लिडार. उल्कांमधून आलेल्या सोडियम अणूंचा थर साधारण ८० ते १०५ किमी उंचीवर असतो. त्याच्यावर ५८९ नॅनोमीटरचा लेसर सोडतात आणि तोच लेसर ६३० मेगाहर्ट्झ वर आणि खाली सरकवून तीन कंपनसंख्यांवर परतीचे फोटॉन मोजतात. वर्णरेषेची रुंदी तापमान सांगते, तिचं सरकणं वारा सांगतं, आणि एकूण फोटॉन सोडियमची घनता. न्यू मेक्सिकोतल्या स्टारफायर ऑप्टिकल रेंज आणि चिलीतल्या सेरो पाचोन इथल्या लिडारांनी असे फ्लक्स काढले आहेत.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या हातात बहुतेक वेळा दुसरंच काही असतं. तिरुपतीजवळच्या गादंकीचा रेले लिडार (हवेच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाश मोजणारा) साधारण ३० ते ८० किमीचं तापमान देतो, पण वारा देत नाही. तिथलाच ५३ मेगाहर्ट्झचा एमएसटी रडार (तपांबर, स्थितांबर आणि मध्यांबर तपासणारा) उभा वारा देतो. मग दोघांची सांगड का घालू नये? कारण मध्यांबरातून रडारला प्रतिध्वनी मिळतो तो दिवसा, सूर्यामुळे तिथे इलेक्ट्रॉन असतात तेव्हा. आणि लिडार चालतो रात्री. कागदावर छान दिसणारी ही जोडी प्रत्यक्षात कधी भेटतच नाही.

टाइम्ड उपग्रहावरचं सेबर उपकरण २००२ पासून तापमानाच्या भरपूर प्रोफाइल देतंय, पण तेही उभ्या वाऱ्याशिवाय. शिवाय ते क्षितिजाच्या कडेनं बघतं, त्यामुळे दृष्टिरेषेवरची शेकडो किलोमीटरची हवा एकत्र मोजली जाते आणि छोट्या लहरी पुसल्या जातात. फ्लक्सचा मोठा वाटा नेमका या छोट्या, चपळ लहरींत असतो.

कोल्हापूर आणि पन्हाळ्याच्या वातदीप्तीच्या (रात्री वरच्या हवेतून येणाऱ्या मंद प्रकाशाच्या) प्रतिमांतून आडवी तरंगलांबी, दिशा आणि वेग मिळतो. तो फ्लक्स नव्हे. पण चौथ्या पायरीत त्याचा चांगला उपयोग होतो.

*इशारा:* फक्त तापमान हाती असेल तर लहरींच्या स्थितिज ऊर्जेवर थांबा. ‘तापमानावरून उष्णतेचा फ्लक्स’ असं शीर्षक द्यायचं झालं तर कलांतर तुम्ही गृहीत धरलेलं असतं, मोजलेलं नसतं.

पायरी २: घड्याळ, चिन्ह आणि ओळंबा

सर्वात कंटाळवाणी पायरी, आणि सर्वात जास्त चुका इथेच.

घड्याळ. ६० मिनिटांच्या लहरीत सहा अंश म्हणजे बरोबर एक मिनिट. वाऱ्याच्या फाइलमध्ये नोंदीच्या सुरुवातीची वेळ आणि तापमानाच्या फाइलमध्ये शेवटची वेळ असेल, आणि एक नोंद दोन मिनिटांची असेल, तर तुम्ही बारा अंशांची चूक पदरात घेतली. खऱ्या फ्लक्सच्या दुप्पट. दहा मिनिटांच्या लहरीत तेच सहा अंश म्हणजे फक्त १० सेकंद. दोन्ही फाइलींतली वेळ नोंदीच्या मध्याची आहे ना, हे फाइलच्या नावावरून ठरवू नका. ज्यानं ती बनवली त्याला विचारा.

चिन्ह. लिडार आणि रडारवाल्यांत ‘धन’ म्हणजे यंत्राकडे येणारा की यंत्रापासून दूर जाणारा, यावर एकमत नाही. वर जाणारा वारा धन, असं एकदा ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चिन्ह उलटं झालं की उष्णता वर वाहू लागते, आणि लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला आलेख जन्माला येतो.

ओळंबा. किरण डोक्यावर सरळ नसून एक अंश कललेला असेल, तर ५० मी/से चा आडवा वारा उभ्या वाऱ्यात ०.८७ मी/से नं घुसतो. खऱ्या चढउतारांच्या जवळजवळ निम्मा.

लेसरची कंपनसंख्याही सरकते. १ मी/से म्हणजे अवघे १.७ मेगाहर्ट्झ. त्यामुळे रात्रीच्या सरासरी उभ्या वाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्या उंचीवरचा खरा सरासरी उभा वारा काही सेंमी/से असतो आणि यंत्राची सरक त्याच्या कितीतरी पट. सरासरी वजा करा आणि फक्त चढउतारांवर काम करा.

*तपासणी:* एका रात्रीच्या वाऱ्याची सरासरी अर्धा मी/से पेक्षा जास्त आली, तर ती रात्र फेकू नका, पण लेसरच्या नोंदवहीत त्या रात्री काय लिहिलंय ते बघा.

पायरी ३: पार्श्वभूमी वेगळी करा

लहरीचा चढउतार म्हणजे मोजलेलं मूल्य उणे पार्श्वभूमी. पार्श्वभूमीत भरती-ओहोटीसारख्या १२ आणि २४ तासांच्या वातावरणीय लाटा, ग्रहीय लहरी आणि ऋतूचा कल येतो. ती चुकीची काढली तर राहिलेलं सगळं ‘लहर’ म्हणून पुढे जातं.

रोजच्या कामासाठी माझी पसंती साध्या पद्धतीला. प्रत्येक उंचीवर रात्रभराच्या मालिकेतून सरळ रेषेचा कल काढून टाकायचा, वाऱ्यातून आणि तापमानातून सारखाच. रात्र सहा तासांपेक्षा लहान असेल तर ती फ्लक्ससाठी घेऊ नये.

पुष्कळजण त्याऐवजी तीन तासांची सरकती सरासरी वजा करतात. इथे एक खोड लक्षात घ्या. चौकोनी खिडकीची सरासरी खिडकीपेक्षा लहान अशा काही आवर्तकालांना उलट्या चिन्हानं प्रतिसाद देते. तीन तासांच्या खिडकीत दीड ते तीन तासांच्या लहरी उलट्या होऊन पार्श्वभूमीत जातात. वजाबाकीनंतर त्या कमी व्हायच्या सोडून फुगतात. दोन तासांच्या आसपास हा फुगवटा सुमारे २२ टक्के. वारा आणि तापमान दोन्ही तितके फुगले की गुणाकार जवळपास ४८ टक्के फुगतो. सरकती सरासरी लावायचीच असेल तर कडांना उतरती होणारी खिडकी वापरा.

उंचीच्या दिशेनं बहुपदी बसवणारेही असतात. रेले लिडारच्या कामात ही जुनी सवय. पण कमी अक्षांशांवर ७० ते ८० किमीच्या दरम्यान तापमान मध्येच उलटं चढतं, त्या उलट्या थराला तिसऱ्या घाताची बहुपदी पकडू शकत नाही. तो जसाच्या तसा उरलेल्या चढउतारात उतरतो आणि झकास लहरीसारखा दिसतो. रात्रभर एकाच उंचीवर बसून राहिलेली लहर दिसली तर ती लहर नसावी अशी शंका घ्या.

*इशारा:* वाऱ्याला एक गाळणी आणि तापमानाला दुसरी, असं कधीही करू नका. गाळणी पुढून मागे आणि मागून पुढे अशी दोन्हीकडून चालवा, म्हणजे कला जागची हलत नाही. आता खोटी लहर पुन्हा सोडा. ९० ला शून्य, ९६ ला उणे २.१.

पायरी ४: लहर खरंच चढतेय का?

पार्श्वभूमीच्या तापमानावरून आधी हवेची स्थिरता काढा. गुरुत्व त्वरण भागिले तापमान, गुणिले (तापमानाचा उंचीनुसार बदल अधिक ९.५ केल्विन प्रति किमी). याचं वर्गमूळ म्हणजे हवेची नैसर्गिक कंपनसंख्या. एक उदाहरण हातानं करून बघा. तापमान २०० केल्विन, उंचीनुसार बदल उणे २ केल्विन प्रति किमी, त्वरण ९.५. वर्ग येतो ०.०००३५६, वर्गमूळ ०.०१८९ रेडियन प्रति सेकंद, आवर्तकाल सुमारे साडेपाच मिनिटं. यापेक्षा कमी आवर्तकालाची लहर वर चढू शकत नाही. पण हा नियम हवेसोबत वाहणाऱ्याला दिसणाऱ्या आवर्तकालाचा आहे, जमिनीवरून दिसणाऱ्याचा नव्हे.

इथे पन्हाळ्याच्या प्रतिमा कामाला येतात. समजा प्रतिमेत २० किमी तरंगलांबीची लहर पूर्वेकडे ४० मी/से नं जाताना दिसली. वारा लक्षात न घेता वरच्या उदाहरणातल्या हवेसाठी उभी तरंगलांबी काढली तर १७.८ किमी येते. पण कोल्हापूरच्या रडारनं त्या उंचीवर पूर्वेकडे जाणारा १० मी/से वारा दाखवला, तर लहरीचा हवेतला वेग ३० उरतो आणि उभी तरंगलांबी ११.५ किमी. जमिनीवरून दिसणारा आवर्तकाल ८ मिनिटं २० सेकंद. हवेतला ११ मिनिटं. वातदीप्तीचा थर काही किलोमीटर जाड असतो आणि त्याच्या आत शिखर-दरी एकत्र आली की एकमेकांना खोडतात. त्यामुळे १७.८ आणि ११.५ यांतला फरक नुसता शोभेचा नाही.

रेले लिडारवाल्यांसाठी वेगळी तपासणी आहे. लहर विरत नसेल तर दर किलोग्रॅम हवेमागची ऊर्जा हवेच्या विरळपणाच्या प्रमाणात वाढायला हवी. ४५ ते ६५ किमी चढताना साधारण १२ पट. तुमच्या नोंदींत ती फक्त दुप्पट झाली असेल तर बाकीची ऊर्जा वाटेत गेली. मात्र उंचीबरोबर लिडारचा गोंगाटही वाढतो, आणि तोही ‘वाढ’ म्हणून दिसतो. म्हणून आधी पाचवी पायरी करा, मग ही तपासणी. हो, क्रम उलटा आहे. पण विद्यार्थी नेहमी ही तपासणी आधी करतात म्हणून ती इथे लिहिली.

पायरी ५: गोंगाट वेगळा करा

सोडियम लिडारमध्ये वारा आणि तापमान त्याच फोटॉनांतून निघतात. फोटॉनांची संख्या योगायोगानं कमी-जास्त झाली की दोन्हींत एकाच वेळी चूक येते. या दोन चुका एकमेकींशी जोडलेल्या असतात, आणि रात्री कितीही वाढवल्या तरी त्यांचा गुणाकार सरासरीत नाहीसा होत नाही. गोंगाटाचा स्वतःचाच एक फ्लक्स तयार होतो.

उपाय सोपा आहे. नोंदी एकाआड एक वाटा. वारा विषम क्रमांकाच्या नोंदींतून, तापमान सम क्रमांकाच्या. आता दोघांचा गोंगाट वेगवेगळ्या फोटॉनांचा. मग उलटही करा आणि दोन्ही उत्तरांची सरासरी घ्या, नाहीतर एका नोंदीच्या अंतराची वेळ कलांतरात घुसेल. हा ‘उलटही करा’ भाग निम्मे लोक विसरतात.

पायरी ६: सरासरी, आणि त्याहून महत्त्वाची तिची चूक

गुणाकाराची सरासरी काढायला एक ओळ पुरते. ती किती खरी, हे काढायला डोकं लागतं.

चूक साधारण २० भागिले स्वतंत्र नमुन्यांच्या संख्येचं वर्गमूळ. दर दहा मिनिटांनी एक स्वतंत्र नमुना धरला, तर आठ तासांच्या रात्रीत ४८ नमुने आणि चूक २.९ केल्विन मी/से. मोजायची गोष्ट २ आणि चूक २.९. एका रात्रीच्या फ्लक्सला अर्थ नाही, तो यासाठी. चूक ०.५ केल्विन मी/से वर आणायची तर १६०० नमुने, म्हणजे २६७ तास, म्हणजे आठ-आठ तासांच्या तेहतीस-चौतीस रात्री. दर मिनिटाची नोंद आहे म्हणून नमुने दहापट धरू नका. शेजारच्या दोन मिनिटांत लहर बदलत नाही, त्यामुळे त्या दोन नोंदी म्हणजे एकच नमुना दोनदा लिहिलेला.

*तपासणी:* पहिल्या रात्रीचा वारा घ्या, पाचव्या रात्रीचं तापमान घ्या, आणि गुणाकाराची सरासरी काढा. अशा बेमेळ जोड्या शंभरेक वेळा करा. सरासरी शून्याजवळ यायला हवी, आणि आकड्यांचा विखुरलेपणा हीच तुमची खरी चूक. ती सूत्रातल्या चुकीपेक्षा मोठी आली तर मोठीच छापा.

पायरी ७: फ्लक्सवरून हवा किती निवते

फ्लक्स म्हणजे तापणं-निवणं नव्हे. वरून जितकी उष्णता आली तितकीच खाली गेली, तर मधल्या हवेला काहीच मिळालं नाही. बदल हवा तो घनतेनं गुणलेल्या फ्लक्समधला, उंचीनुसार. घनता विसरणं ही इथली ठरलेली चूक.

फ्लक्स सगळ्या थरात उणे २ इतकाच राहिला असं धरा. घनता न गुणता हिशेब केला तर बदल शून्य, म्हणजे निवणं शून्य. घनतेसह केला तर, २०० केल्विनला घनता दर ६ किमीला सुमारे २.७ पट घटते, आणि निवण्याचा दर येतो दिवसाला सुमारे २९ केल्विन. एका विसरलेल्या गुणाकारात २९ केल्विन गेले.

आता चूक बघा. दोन किमी अंतरावरच्या दोन फ्लक्सांत प्रत्येकी ०.५ ची चूक असेल, तर त्यांच्या फरकातून निघणाऱ्या दरात दिवसाला ३० केल्विनची चूक येते. उत्तराइतकीच. म्हणून आधी फ्लक्स उंचीच्या दिशेनं मवाळ करा, नंतर फरक काढा, आणि चुकीचा पट्टा न काढता हा आलेख कुणालाही दाखवू नका.

*इशारा:* दिवसाला २९ केल्विन निवलं म्हणजे मेसोपॉज आठवड्यात गोठला असं नाही. विरलेल्या लहरीची यांत्रिक ऊर्जा तिथेच उष्णता बनते, रासायनिक अभिक्रिया तापवतात, अभिसरण वेगळं. तुम्ही हिशेबाची एक ओळ काढली आहे, पूर्ण ताळेबंद नाही. तसंच, उन्हाळ्यात ध्रुवावर चोवीस तास ऊन असूनही तिथला मेसोपॉज १३० केल्विनपर्यंत उतरतो, त्याचा दाखला इथे देऊ नका. तो थंडावा लहरींनी वाऱ्याला लावलेल्या ब्रेकमुळे हवा वर चढते आणि पसरते, त्यातून येतो. लहरी त्याच, पण वाट वेगळी.

पायरी ८: रसायनांचा फ्लक्स

तापमानाच्या जागी सोडियमची घनता ठेवली की झालं, असं वाटतं. गुणाकार तसाच असतो हे खरं. सोडियमच्या घनतेनं भागलं की वाहतुकीचा वेग मिळतो, आणि तो काही सेंमी/से इतकाच निघतो, खालच्या दिशेनं. ३ सेंमी/से म्हणजे दिवसाला २.६ किमी. कानाला कमी वाटतं, पण उल्का सतत नवं सोडियम टाकत नसत्या तर हा थर काही दिवसांत खाली बसला असता.

पहिली चूक दिशेची. वायू जास्त घनतेकडून कमी घनतेकडे वाहतो, असं शाळेत शिकलेलं असतं. इथे घनता नव्हे, मिश्रणातलं प्रमाण बघायचं. खालची हवा दाट असते, त्यामुळे जवळपास सगळ्याच वायूंची घनता खाली जास्त असते. प्रश्न असा की दर दशलक्ष रेणूंत तो वायू किती. मेसोपॉजजवळ अणुरूप ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण वर जास्त, म्हणून ते खाली वाहतात. पाण्याची वाफ आणि मिथेन यांचं प्रमाण खाली जास्त, म्हणून ते वर जातात. एकाच लहरीवर दोन्ही दिशांची वाहतूक.

दुसरी चूक जास्त खोल आहे. उष्णतेच्या फ्लक्सवरून मिसळण्याचा एक गुणांक निघतो: २ भागिले ०.००७५ (चौथ्या पायरीतलं उणे २ अधिक ९.५, दर मीटरमागे), म्हणजे सुमारे २७० वर्ग मीटर प्रति सेकंद. तोच गुणांक ओझोनला, सोडियमला, सगळ्यांना लावायचा मोह होतो. स्थिर, अभिक्रिया न करणाऱ्या वायूंसाठी अंदाज म्हणून चालेल. अभिक्रिया करणाऱ्यांसाठी नाही, कारण त्यांना वाहून नेण्यासाठी लहर विरावी लागतच नाही.

ते कसं? पुन्हा कलांतर. गोळा वर-खाली होताना त्यातलं तापमान बदलतं, आणि तापमानासोबत अभिक्रियांचा वेग. रसायन अतिशय झटपट असेल तर त्याचं प्रमाण प्रत्येक क्षणी तापमानाच्या मागोमाग चालतं. तापमान ९० अंशांवर, म्हणून रसायनही ९० वर आणि फ्लक्स शून्य. रसायन अतिशय मंद असेल तर त्याला लहरीचा पत्ताच लागत नाही, ते स्थिर वायूसारखं वागतं. मधोमध, रसायनाला सावरायला लागणारा वेळ लहरीच्या आवर्तकालाच्या सुमारे सहाव्या भागाइतका असेल, तेव्हा ते मागे रेंगाळतं, कलांतर ९० वरून ढळतं आणि फ्लक्स सर्वात मोठा होतो. हा फ्लक्स वरचा असेल की खालचा, हे अभिक्रियेवर अवलंबून असतं. आधीच ठरवून बसू नका.

ओझोनचा हिशेब करून बघा. रात्री ८५-९० किमीवर ओझोनला मुख्यतः हायड्रोजनचा अणू खातो. त्याच अभिक्रियेतून हायड्रॉक्सिलची वातदीप्ती निघते. २०० केल्विनला तिचा दर-स्थिरांक १०च्या उणे ११व्या घाताच्या १.३ पट, सेंटीमीटर-सेकंदाच्या एककांत. हायड्रोजन घन सेंटीमीटरला दहा कोटी अणू धरला, तर ओझोनचा सावरण्याचा वेळ येतो सुमारे साडेसात हजार... नव्हे, ७५० सेकंद. (पहिल्यांदा वहीत मी घातांक एकानं चुकवला होता, तुम्हीही चुकवाल, दोनदा करा.) ७५० सेकंद म्हणजे साडेबारा मिनिटं, आणि त्याच्या ६.२८ पट म्हणजे सुमारे ७९ मिनिटं. म्हणजे सव्वा तासाच्या आसपासच्या लहरी ओझोनला सर्वात चांगल्या वाहून नेतात. तिसऱ्या पायरीत चौकोनी खिडकीनं फुगवलेल्या लहरी याच्या जवळच्याच होत्या, हे विसरू नका.

*तपासणी:* खोट्या लहरीत आता एक रसायन घाला, सावरण्याचा वेळ ७५० सेकंद. आवर्तकाल १० मिनिटांपासून ६ तासांपर्यंत बदलत न्या. फ्लक्स मध्ये उंच होऊन दोन्ही टोकांना उतरायला हवा. सरळ रेषा आली तर कोडमध्ये रसायन चालूच झालेलं नाही.

पायरी ९: कोणत्या रात्री घेतल्या ते लिहा

ढगाळ रात्री आपोआप गळतात. त्याखेरीज तुम्ही ‘खराब’ म्हणून काढलेल्या रात्री नीट तपासा. खूप मोठे चढउतार दिसले म्हणून रात्र काढली असेल, तर लहरी सर्वात जोरात मोडत होत्या तीच रात्र तुम्ही टाकलीत.

पन्हाळा-कोल्हापूरच्या नोंदींत हे आणखी ठळक दिसतं. जून ते सप्टेंबर तिथलं आभाळ झाकलेलं असतं, कॅमेऱ्याला काही दिसत नाही. आणि ढगांतून लहरी उसळण्याचा हंगाम तोच. उरलेल्या महिन्यांच्या सरासरीला ‘वार्षिक’ म्हणू नका. तक्त्याच्या वर स्पष्ट लिहा: ऑक्टोबर ते मे, इतक्या रात्री, इतके तास, चंद्रप्रकाशामुळे इतक्या वगळल्या.